एरिकचा आराखडा, मुंबईचं सागवान

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी तेव्हा मुंबई आणि इराणच्या आखातातल्या बंदरांमध्ये नियमित ये-जा करत. या कंपनीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण ब्रिटिश अधिकारी होता. दोघा सहकाऱ्यांच्या साथीनं त्यानं एक बेत आखला. मुंबईत शिडाची होडी बांधून घ्यायची आणि तिच्यातूनच घरी, इंग्लंडला जायचं. इंग्लंडमधल्या पूल गावच्या एका कंपनीकडे आराखडा मागवला. टपालानं जो आला, तो मागवलेला नव्हताच. तो निघाला चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका बुटक्या, रुंद, संथ होडीचा. पण होडी दर्याला टिकणारी होती, आणि दुसरा आराखडा मागवण्याइतके पैसेही नव्हते, वेळही नव्हता. आहे त्यावरच काम सुरू झालं.

होडीचं नाव ठेवलं ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला या नावानं ओळखतात. १९ डिसेंबर १९६४ रोजी मुंबईत ती पाण्यात उतरली. वर्षभरानं ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून १९६७ साली इंग्लंडला पोहोचली. पुढच्याच वर्षी, १४ जून १९६८ला, नॉक्स-जॉन्स्टन एकटा तिला घेऊन फाल्मथ बंदरातून बाहेर पडला. वाटेत कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता, पृथ्वीप्रदक्षिणा करून तो २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परतला. ३१२ दिवस लागले. एकट्या माणसानं विनाथांबा केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा एका स्पर्धेचा भाग होती आणि तीत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोहोचली ती मुंबईत बांधलेली ही एकच होडी.

या कथेत खलाशाचं धाडस नेहमी सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. मात्र होडीचीही एक वेगळी कथा आहे. नॉर्वेत जन्मलेला एक आकार अमेरिकेत कागदावर उतरला, मुंबईत सागवानात घडला आणि पन्नास वर्षांनी गोव्यात पुन्हा उभा राहिला. जुन्या धाटणीची शिडाची यॉट म्हणजे काय आणि ती कशी बांधतात, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

अशा यॉटची आज जगभरात मोठी हौस आहे. वॉर्निशनं चकाकणारं महोगनी, सागवानी डेक, पितळी कड्या, पुढे झेपावलेली निमुळती नाळ आणि उंच डोलकाठी, हे रूप श्रीमंतांना पुन्हा हवंसं वाटू लागलं आहे. ‘कसिनो रोयाल’ या २००६ सालच्या बाँडपटात व्हेनिसच्या कालव्यातून जाणारी देखणी यॉट इंग्लंडच्या स्पिरिट यॉट्स या कंपनीनं बांधलेली होती. या नव्या यॉट पाण्याच्या वर १९३०च्या दशकातल्या दिसतात. पाण्याखाली मात्र त्या आजच्या असतात. पोटाखाली माशाच्या परासारखी अरुंद, खोल कील, तिच्या टोकाला शिशाचा जड गोळा आणि मागे कीलपासून सुटं सुकाणू. त्यामुळे होडी चपळ होते, चटकन वळते.

जुन्या धाटणीचा खरा कस पाण्याखालच्या भागात लागतो. जुन्या होडीला वेगळी कील जोडलेली नसते. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत होडीचं पोटच हळूहळू खाली उतरत कील बनतं आणि सुकाणू त्याच कीलच्या मागच्या कडेवर बिजागरीनं टांगलेलं असतं. अशी होडी वळायला जड. पण एकदा दिशा धरली की सोडत नाही. सुकाणूवर सतत हात ठेवावा लागत नाही. एकट्या खलाशाला झोप घ्यायची असते, स्वयंपाक करायचा असतो, फाटलेलं शीड शिवायचं असतं. त्याला याच गुणाची गरज असते.

‘सुहैली’चा आकार मुळात घडवला कॉलिन आर्चर यांनी. त्यांचा जन्म १८३२चा, नॉर्वेतल्या लार्विकमध्ये स्थायिक झालेल्या स्कॉटिश कुटुंबातला. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात मासेमारी होड्या बुडत आणि गावंच्या गावं पोरकी होत. अशा होड्यांना वाचवायला भर वादळात समुद्रात थांबून राहू शकेल अशी शिडाची बोट हवी होती. आर्चर यांनी १८९३ साली तशी बचाव-नौका बांधली. पुढचं टोक निमुळतं, तसंच मागचंही. मागून येणारी उंच लाट सपाट पाठीवर आदळली तर होडी आडवी फिरते आणि उलटते. निमुळतं टोक तीच लाट दोन बाजूंना फोडतं. ध्रुवीय संशोधक नान्सेनला उत्तर ध्रुवाकडे घेऊन गेलेलं ‘फ्राम’ हे जहाजही आर्चर यांचंच.

१९२०च्या दशकात विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकी रचनाकारानं आर्चर यांचा आकार ३२ फुटांत बसवला आणि त्याला ‘एरिक’ नाव दिलं. मुंबईच्या टपालात आला तो हाच आराखडा. पुढे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात याच आकारावरून ‘वेस्टसेल ३२’ ही फायबरग्लासची यॉट निघाली आणि दूरच्या सफरींची स्वप्नं पाहणाऱ्या अमेरिकनांनी ती शेकड्यांनी विकत घेतली.

आराखडा म्हणजे नेमकं काय? होडीच्या अंगाला सरळ रेषा जवळजवळ नसतेच, सगळी वळणं. ती कागदावर पकडण्यासाठी रचनाकार होडीचे काल्पनिक काप घेतो. पावाचे काप पाडावेत तसे नाळेपासून मागपर्यंत आडवे, मग पाण्याच्या पातळीला समांतर, मग लांबीच्या दिशेनं उभे. प्रत्येक कापाच्या कडेची रेषा काढली की तिन्ही बाजूंनी एकमेकींशी जुळणारं रेषांचं जाळं तयार होतं. सोबत मापांचा तक्ता असतो: अमुक ठिकाणी मध्यरेषेपासून कड किती अंतरावर, किती उंचीवर.

कारखान्यात पहिलं काम म्हणजे हे जाळं मोठ्या फळ्यांच्या जमिनीवर मूळ मापात आखणं. लाकडाची लांब लवचीक पट्टी खिळ्यांना टेकवून वाकवतात आणि तिच्या कडेनं रेघ ओढतात. पट्टी कुठे पोक काढू लागली, तर तिथलं माप चुकलं हे मिस्त्रीला लगेच कळतं. कागदावर न दिसणारी दोऱ्याएवढी चूक इथे पकडली जाते. मग त्या रेघांवरून साचे कापायचे. कील मांडायची, तिच्यावर नाळ आणि मागचा खांब उभा करायचा, फासळ्या बसवायच्या, वरून फळ्या जडवायच्या. फळ्यांमधल्या फटींत कापसाचे पेळू ठोकून बसवायचे आणि वर लुकण भरायचं. लाकूड पाण्यात फुगलं की सांधे आणखी घट्ट होतात.

‘सुहैली’चं काम झालं ते हातानं. वाकस, करवत, रंधा, दोरीच्या धनुकलीनं फिरणारा सामता, अशी हत्यारं. लाकूड सागवान. सागात नैसर्गिक तेल आणि बारीक गारेचा अंश असतो. तेलामुळे पाणी, कीड आणि बुरशी दूर राहतात. गारेमुळे हत्याराची धार वरचेवर बोथट होते आणि मिस्त्रीला दिवसातून कितीदा तरी ती लावत बसावं लागतं. युरोपातल्या ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकतं. सागाच्या तेलात खिळा कितीतरी जास्त टिकतो.

सागवानाचा हा गुण मुंबईला नवा नव्हता. लवजी नुसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ साली मुंबईत आले आणि पुढची दीड शतकं वाडिया घराण्यानं इथल्या गोदीत जहाजं बांधली. ब्रिटिश आरमारासाठी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याचीही आराखड्याची एक हकिगत आहे. ब्रिटिशांनी १७८२ साली ‘एबे’ हे फ्रेंच लढाऊ जहाज पकडलं आणि ते इतकं सरस वाटलं की त्याच्या रेषा टिपून त्याच घडणीची जहाजं बांधायला घेतली. मुंबईसाठीचा आराखडा ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून पाठवला. वाटेत, १८१२च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ला हरवलं आणि आराखडा गेला. दुसरी प्रत काढून पाठवावी लागली. मगच जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली काम पुढे सरकलं. म्हणजे फ्रेंच रेषा, इंग्रजांचा कागद आणि मुंबईचे हात. ‘सुहैली’च्या वेळी हीच परंपरा एका छोट्या होडीच्या कामी आली.

होडीची मापं साधीच. अंगाची लांबी ३२ फूट ५ इंच, रुंदी ११ फूट, पाण्याखालची खोली साडेपाच फूट. डोलकाठ्या दोन: मधली मोठी आणि मागे, सुकाणूच्या अलीकडे, दुसरी लहान. या मांडणीला केच म्हणतात. एकाच उंच काठीवर प्रचंड शीड चढवण्यापेक्षा कापड दोन काठ्यांत वाटून घेतलं की एकट्या माणसाला ते आवरता येतं. वारा फार वाढला तर मोठं शीड पूर्ण उतरवून पुढच्या आणि मागच्या छोट्या शिडांवरही होडी तोल धरते.

वेगाचं गणित मात्र या आकारावर मेहेरबान नाही. होडी चालते तेव्हा स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४नं गुणलं, की अशा जड होडीच्या वेगाची कमाल मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळते. ‘सुहैली’ची पाण्यावरची लांबी २८ फूट, म्हणजे मर्यादा सुमारे ७ नॉट. प्रत्यक्षात ३० हजार सागरी मैलांच्या प्रवासात तिनं सरासरी ४ नॉट राखले. भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच जास्त वेग. फ्रान्सच्या फ्रान्स्वा गाबारनं २०१७ साली हीच एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा तीन अंगांच्या अत्याधुनिक होडीतून ४२ दिवसांत पूर्ण केली.

पण संथ होडी दुरुस्त करता येते. निघाल्यावर काही आठवड्यांतच, केप व्हर्दे बेटांच्या आसपास, ‘सुहैली’त पाणी शिरू लागलं. कीललगतच्या फळीचा सांधा उघडला होता. नॉक्स-जॉन्स्टन भर समुद्रात पाण्याखाली उतरला. श्वास रोखून, पुन्हा पुन्हा बुडी मारून त्यानं त्या फटीत कापूस ठोकला, वर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकून बसवली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा मारला. मुंबईचे मिस्त्री ज्या पद्धतीनं फट बुजवत, तीच पद्धत. पुढे दक्षिण महासागरात होडी आडवी झाली आणि केबिन जागची हलली. ऑस्ट्रेलिया गाठेपर्यंत दिशा राखणारी स्वयंचलित यंत्रणा मोडली. त्यानंतर शिडांचा तोल साधून होडी स्वतःच मार्ग धरत राहिली. लांब कीलचा गुण इथे प्राण वाचवण्याइतका मोलाचा ठरला.

१९९७मध्ये ही होडी ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या. काही वर्षांतच नॉक्स-जॉन्स्टननी तिला बाहेर काढलं, स्वतः खपून नीट केलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. १४ जून २०१८ला, पहिल्या प्रस्थानाला ५० वर्षं झाली त्या दिवशी, फाल्मथमध्ये ती पुन्हा शिडांवर चालली.

भारतीय माणसानं अशी प्रदक्षिणा करावी, ही आस व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची. त्यातून नौदलाची ‘सागर परिक्रमा’ उभी राहिली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, नॉक्स-जॉन्स्टन त्यांचे मार्गदर्शक झाले आणि होडी बांधायचं काम गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांनी घेतलं. मांडवीतल्या दिवाडी बेटावर त्यांचा कारखाना. ५६ फुटांचा आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन डी स्टाट यांचा. रेड सीडरच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून अंग घडवलं आणि आतबाहेरून काचतंतू व इपॉक्सीचं कवच चढवलं. २००९ साली ‘म्हादेई’ नौदलात आली. त्याच ऑगस्टात दोंदे मुंबईहून निघाले आणि २०१०च्या मे महिन्यात, चार थांबे घेऊन, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून मुंबईत परतले. अभिलाष टॉमींनी २०१२-१३मध्ये त्याच होडीतून विनाथांबा फेरी पूर्ण केली.

मग एरिकचा आराखडा पुन्हा पुढे आला. १९६८च्या स्पर्धेची पन्नाशी साजरी करायला २०१८ साली ‘गोल्डन ग्लोब रेस’ नव्यानं ठरली. अट अशी की होडी जुन्याच घडणीची हवी: लांब कील आणि तिच्या मागच्या कडेला सुकाणू. ‘सुहैली’च्या प्रतिकृतींना खास मुभा होती. दांडेकरांनी टॉमींसाठी तीच होडी पुन्हा घडवली. आकार अ‍ॅटकिनचा, पण फळ्या आणि कापसाऐवजी ‘म्हादेई’सारख्या लाकडी पट्ट्या आणि इपॉक्सी. ऑगस्ट २०१७मध्ये ‘थुरिया’ पाण्यात उतरली.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिणेत तिला भीषण वादळानं गाठलं. होडी उलटीपालटी झाली, दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्यांना उठताही येत नव्हतं. २४ सप्टेंबरला फ्रेंच गस्तीनौका ‘ओसिरिस’ पोहोचली, तेव्हा ते होडीच्या आतच होते आणि होडी तरंगत होती. आर्चर यांनी हा आकार ज्यासाठी घडवला होता, ते काम दिवाडीत घडलेल्या अंगानं केलं: माणूस जिवंत ठेवला. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि २०२२-२३च्या स्पर्धेत दुसऱ्या होडीतून दुसरे आले.

नॉर्वे, अमेरिका, मुंबई, गोवा. सव्वाशे वर्षांत हा आकार इतका फिरू शकला, कारण तो कागदावर होता. मुंबईच्या उपनगरांतल्या होड्यांचं तसं नाही. अंधेरीहून वेसाव्याला जावं आणि तिथून तरीनं मढला. मालाडहून मार्वेला जाऊन मनोरीला उतरावं. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराई गाठावं. पुढे उत्तन, वसई, अर्नाळा. या कोळीवाड्यांत लाकडी होड्या पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेल्या, आणि मिस्त्रीसमोर कागद कधीच नसे. कीलची लांबी ठरली की रुंदी किती, नाळ किती झुकवायची, फासळीचं वळण कुठे वाढवायचं, हे सारं डोळ्यांत आणि हातांत. बापाच्या हाताखाली मुलगा शिकला, तेवढंच शिक्षण. उत्तन-वसईकडच्या होडीची उंच नाळ लांबूनही ओळखू येते. प्रत्येक गावच्या वळणात तिथल्या खाडीचा, वाळूच्या दांड्याचा, भरतीचा आणि जाळ्याच्या प्रकाराचा हिशेब आहे. शिडं गेली आणि इंजिनं आली तेव्हा या अंगांनी एकदा बदल सोसला. आता फायबरच्या होड्या येत आहेत. त्या हलक्या आहेत, देखभाल कमी लागते, आणि मच्छीमारानं त्या घेतल्या तर त्याला दोष देता येणार नाही.

पण रेषा न टिपता एखादा आकार गेला, तर तो परत आणणं किती कठीण असतं, याचं उदाहरण ताजं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं एक जहाज आहे. त्यावरून शिवण घातलेल्या फळ्यांचं शिडाचं जहाज बांधायचं ठरलं. हाताशी होतं फक्त चित्र. ना मापं, ना काप. आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या, केरळच्या कारागिरांनी काथ्यानं फळ्या शिवल्या आणि गोव्यात घडलेलं हे जहाज ‘कौंडिण्य’ नावानं मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. काम थोर झालं. पण चित्रातून तीन बाजूंचा आकार शोधणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम होतं.

कोळ्यांच्या होड्यांसाठी अशी वेळ येऊ द्यायची गरज नाही. होडी ओढून वर घेतलेली असताना तिच्या रेषा टिपता येतात आणि त्याला मोठी यंत्रंही लागत नाहीत. मध्यरेषेवर एक ताणलेली दोरी, एक ओळंबा, पाणसळ, मापपट्टी आणि वहीतला तक्ता. ठरावीक अंतरावर प्रत्येक कापाची कड किती बाहेर, किती वर, एवढं मोजत जायचं. मुंबईत वास्तुरचनेची आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयं पुष्कळ आहेत. त्यांतल्या विद्यार्थ्यांनी एकेका गावची एक लाकडी होडी घ्यावी, मिस्त्रीला शेजारी बसवून मोजावी आणि सोबत लिहून ठेवावं: लाकूड कोणत्या झाडाचं, फासळ्या आधी बसवल्या की फळ्या, कोणत्या भागाला काय म्हणतात, होडी कुणी बांधली आणि तो कुणाकडे शिकला. तयार झालेल्या आराखड्याची एक प्रत महाविद्यालयात राहावी आणि दुसरी, बांधणाऱ्याच्या नावासह, त्याच्या घरी जावी.